चिंगी कशानं मेली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. माझ्या वहीत घरातलं सगळं असतं, गॅस कधी लावला, कुणाच्या गोळ्या कधी संपतात. पण त्या आठवड्याचं पान मी फाडलं आणि तुकडे स्वतः जाऊन कचऱ्याच्या गाडीत टाकले. एका माशापायी एवढं? तुम्ही हसाल. मला अजून भीती वाटते.

तात्या म्हणजे माझे चुलते. इंदापूरला लेकीकडे, शोभाकडे राहतात. काकू गेल्यावर त्यांचं बोलणंच बंद झालं, तेव्हा शोभानं घरात काचेची टाकी आणली आणि तीत एक फ्लॉवरहॉर्न सोडला. देखणी पण भांडखोर जात — शेजारी दुसरा मासा जगू देत नाही. ही मादी होती. तात्यांनी तिचं नाव ठेवलं चिंगी. ती त्यांच्या बोटांतून झिंगे घ्यायची. उभी हयात मेंढरांमागं गेलेला माणूस टाकीपुढं खुर्ची टाकून तिच्याशी गप्पा मारायला लागला.

आमच्याकडे बारामतीत त्याच जातीचा नर होता. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ. काच पुसताना एकदा त्यानं माझं बोट फोडलं होतं.

"सुमे, चिंगीला तुज्याकडं आणतो," तात्या फोनवर म्हणाले. "निम्मी पिल्लं तुजी, निम्मी माजी." शेळी बोकडाच्या दारात न्यायची, ही आमच्याकडची रीत. माशांत ती उलटी पडते. नर स्वतःच्या टाकीत दुसऱ्याला शिरू देत नाही. मासे विकणाऱ्यानं मला बजावलं होतं, मध्ये जाळी लावा, तीन आठवडे तरी. नर जाळीवर धडका मारायचा थांबला तरच काढा. मी ते लिहूनही घेतलं होतं. तात्या एसटीनं झाकणाची बादली मांडीवर घेऊन आले. निघताना म्हणाले, "तुजं समदं वहीत असतंय. मला काय घोर न्हाय."

नवव्या दिवशी मी जाळी काढली.

का? नणंदेकडे लग्न होतं. चार दिवस जायचं होतं, आणि जाण्याआधी यादीतलं प्रत्येक काम खोडलेलं मला लागतं. बस्स, एवढंच. नर त्या सकाळीही धडका मारत होता — मी पाहिलं होतं.

दुपारचे अडीच वाजले होते. मिनिटभर काहीच झालं नाही. मग त्यानं तिला शेपटीला धरलं. ती कोपऱ्यात गेली, तिथंही तो. पाण्यात खवले तरंगायला लागले. जाळी माझ्या हातात होती. परत घालायला कितीसा वेळ लागला असता? पण त्यासाठी हात पाण्यात घालावा लागणार होता, आणि तेवढ्यात तो माझ्याकडे वळला. माझा हात पुढं गेलाच नाही. मी गच्चीवर गेले. दोरीवरचे कपडे काढले, तिथंच बसून घड्या घातल्या — टॉवेल वेगळे, शर्ट वेगळे. खालून काचेवर आपटल्याचा आवाज येत होता. तो थांबेपर्यंत मी खाली उतरले नाही.

पण मी सांगायला बसले आहे ते हे नाही.

तात्यांना काय सांगायचं? ते दिवस मोजणार, कुठं चुकलं विचारणार — आणि वहीवाल्या सुमनचं चुकलं, हे त्यांना कळणार. त्या भीतीनं फोनवर माझ्या तोंडून निघालं, "तात्या, ती आधीपासूनच आजारी असणार. तुमच्या हातचं खायची ना? तंबाखू मळलेला हात. तेच पोटात गेलं असेल."



"म्हंजे माज्या हातानंच मेली म्हन की."

"तसं नाही तात्या, पण —" मी म्हणाले, आणि तो 'पण' तसाच सोडून फोन ठेवला.

तात्यांनी तंबाखू सोडली. शोभानं मला फोन करून आनंदानं सांगितलं, आणि मी बरं झालं म्हणाले! मग ते सारखे हात धुवायला लागले. बोटांना चिरा पडल्या. दारातल्या कुत्र्याला भाकरी टाकायचे, तेही बंद झालं. आता ते ऐंशीच्या पुढं आहेत. इंदापूरचा फोन वाजला की मला घाम फुटतो — गेले असतील तर? आणि त्याहून मोठी भीती सांगू? गेले असतील तर आता सांगायला नको, असं माझ्या मनात येईल, याची.

गेल्या महिन्यात शोभाच्या नातवाचं बारसं होतं. ती बाळ घेऊन तात्यांपुढं उभी राहिली. "घ्या की तात्या मांडीवर! पणतू हाय तुमचा, इंचू न्हाय!" सगळे हसले. तात्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि माझ्याकडे बघितलं.

"सुमे, तूच सांग हिला. माजा हात बरा न्हाय."

खोलीतले सगळे माझ्याकडे बघत होते.

"राहू दे गं शोभा," मी म्हणाले. "नको आग्रह करूस."

तिनं बाळ माझ्याकडे दिलं. मी ते मांडीवर घेतलं.