कालवांच्या किती बादल्या?

कोरियातल्या आमच्या थोंग्यंग बंदराच्या हारिमला नर्सिंगच्या पहिल्या वर्षी पेशंट कण्हला की रडू फुटायचं. तिसऱ्या वर्षापर्यंत ते आटलं. आता वॉर्डात शिरताच ती माणसं निवडून टाकायची: चार नंबरची बाई नाटकी, सहा नंबरची आज्जी गुणाची.

सहावरच्या मालसुन आज्जीचा जन्म बंदरावरच्या शेडमध्ये कालवांचे शिंपले फोडण्यात गेलेला. खुब्याच्या ऑपरेशनला तिसरा दिवस.

"आज्जी, शून्य ते दहात दुखणं किती?"

"दोन. तूच सकाळपासून उभी आहेस गं. पाय तुझे दुखत असतील."

शिकाऊ पोरींनी वॉर्डात बसायचं नसतं. हारिमनं 'दोन' लिहिलं. आकडा तीनच्या आत असला की दहा वाजता पेशंटला चालवायचं, असा नियम. पण चादर नीट करताना आज्जीची मूठ दिसली. तोंड हसरं, मूठ आवळून पांढरी.

हारिम खाटेशी उकिडवी बसली. "आज्जी, आत्ता शेडवर नेऊन सोडलं तर कालवांच्या किती बादल्या भरशील?"

"एक पण नाही, पोरी. उभं कोण राहील? कालपासून पोटरी कुणी पिळतंय जणू."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही खुब्याचं विचारता. पोटरीचं कुणी विचारलं?"

पोटरी टम्म सुजलेली, गरम. हारिम तडक वॉर्डच्या मुख्य ओक सिस्टरांकडे गेली. "आज्जीला उभं करू नका. डॉक्टरांना बोलवा."

"कागदावर दोन आहे. लिहिलं कुणी?"

"मीच. चुकलं माझं. पोटरी बघा, मग काय ते बोला मला."

तेवढ्यात वॉकर घेऊन वॉर्डबॉय आला. हारिम खाटेपुढे वाट अडवून उभी राहिली.

"सरक की! खुंटासारखी काय उभी?"

ती हललीच नाही. शेवटी ओक सिस्टर चिडचिडत आल्या, पोटरीला हात लावला आणि डॉक्टरांना फोन लावला. सोनोग्राफीत पोटरीत रक्ताची गाठ निघाली, सुटली तर फुप्फुसात जाऊन जीव घेणारी. तासाभरात औषध सुरू झालं.

"वाट अडवलीस, त्याचा शेरा तुला मिळणारच," सिस्टर म्हणाल्या. "आणि त्या दोनच्या खाली तिचे शब्द लिही. जसेच्या तसे."

हारिमनं लिहिलं आणि चार नंबरकडे वळली.

"दहा! दहा लिहा!" बाई लांबूनच ओरडली.

"लिहिते, मावशी." हारिम तिच्याही खाटेशी उकिडवी बसली. "आता सांगा, कुठं आणि कसं दुखतंय?"