इंजिनरूमचा नवरा आणि शिडाची होडी

हेदवीच्या घरून निघालो तेव्हा दोन बॅगांत कपडे होते आणि तिसरीत कोकम, कुळथाचं पीठ, मेतकूट आणि सुका जवळा. मे महिना संपत आलेला. गावातल्या होड्या वर ओढून माडाच्या झापांनी झाकायचं काम चाललं होतं. नेमक्या त्याच दिवसांत आपला साठीचा मुलगा युरोपात जाऊन होडी पाण्यात घालणार, हे सासूबाईंना काही केल्या पटेना.

"नारळी पुनवेआधी दर्यात होडी घालायची नाय," त्या अंगणातून म्हणाल्या.

"आई, तिकडे आता उन्हाळा असतो," आमचे हे म्हणाले.

"दर्या सगळा एकच हाय. तू मला नको शिकवूस." मग माझ्याकडे वळून, "तू जातेस ना गो बरोबर? मग बरा."

मला पोहता येत नाही हे त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांना माझा कसला आधार वाटला देव जाणे.

सावर्ड्याच्या आणि हेदवीच्या मंडळींनो, आणि आमच्यासारखेच कुठेकुठे जाऊन पडलेल्यांनो, तुम्ही फोनवर विचारता की या वयात हे काय खूळ. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

हे पस्तीस वर्षं जहाजावर होते. वर्षातले तीन-चार महिने घरी, बाकी पाण्यावर. ते निवृत्त झाले आणि लग्नानंतर पहिल्यांदाच आम्ही सलग सहा महिने एका छपराखाली राहिलो. तेव्हा दोघांनाही कळून चुकलं की आपली फारशी ओळख नाही. त्यांनी माझे स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले. मी चहा ठेवला की मागे उभे राहून गॅसची ज्योत तपासायचे. शेवटी एकदा माझ्या तोंडून गेलंच, "तुमची रजा संपते कधी?" ते हसले नाहीत आणि मलाही नंतर फार वाईट वाटलं.

त्याच सुमारास हॉलंडमधल्या त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याने, गुडघे गेले म्हणून, शिडाची होडी विकायला काढली. हे म्हणाले, "किनाऱ्याकिनाऱ्याने पोर्तुगालपर्यंत जाऊ. व्हिसा तीन महिन्यांचा मिळतो. जमलं तर जमलं." नाही जमलं तर काय, ते बोलले नाहीत. पण निवृत्त माणसालाही कंपनी कंत्राटावर परत बोलावते, हे मला माहीत होतं. नाही जमलं तर हे पुन्हा जहाजावर आणि मी पुन्हा कॅलेंडरसमोर.

आता खरी गोष्ट. गावात यांना सगळे कप्तान म्हणतात. हे होते चीफ इंजिनियर. जन्म गेला जहाजाच्या पोटात. समुद्र पाहिला तो जेवायला वर आल्यावर खिडकीतून, तोही भूक असेल त्या मानाने. शीड, वारा, सुकाणू यांच्याशी त्यांचा संबंध माझ्याइतकाच, आणि एवढ्याशा होडीत पोट सांभाळण्याचा सराव तर शून्य. हॉलंडच्या बंदरातून बाहेर पडून अर्धा तास झाला नाही तो कप्तानसाहेब बादली घेऊन आडवे झाले. वर मी एकटी, लाइफ जॅकेट घालून, सगळ्या देवांची नावं घेत.

पण होडी विकणाऱ्या त्या डच सहकाऱ्याने आम्हाला कालव्याच्या संथ पाण्यात दोन आठवडे शिकवलं होतं, आणि त्यात एक चमत्कारिक गोष्ट निघाली होती. मला वारा कळत होता. लहानपणी माहेरी सावर्ड्याला खळ्यावर उभं राहून सुपातून भात वारवताना वारा जरा वळला की आम्ही पोरीही वळायचो, नाहीतर सगळा कोंडा डोळ्यांत. ते मानेला आणि कानांच्या पाळ्यांना अजून आठवत होतं. भारे बांधलेल्या हातांना गाठीही चटकन आल्या. हे मात्र वारा जरा फिरला की इंजिन सुरू करायला धावायचे.

रोज संध्याकाळी सासूबाईंचा फोन. "माझा पोरगा नीट हाकतो ना गो होडी?"

"हो आई, छान हाकतात," मी सुकाणू धरून सांगायची. खालून बादलीचा आवाज आला तर म्हणायची, भांडी पडली.

बेल्जियम गेलं, फ्रान्स गेलं. मी डुलणाऱ्या शेगडीवर तांदळाची भाकरी थापायला शिकले. एका मरीनात, म्हणजे होड्या लावायच्या तळावर, जवळा भाजला तेव्हा शेजारच्या दोन बोटींनी जागा बदलून घेतली, तिसरीतली म्हातारी मात्र ताटली घेऊन आली. यांचंही पोट हळूहळू ताळ्यावर आलं. ते दिवसभर खाली इंजिनापाशी काहीतरी पुसत बसायचे, मी वर. बोलणं बेताचंच, पण भांडणही नाही.

मग स्पेनच्या एका छोट्या बंदरात शिरताना इंजिन बंद पडलं. जाळ्याचा तुकडा होडीखालच्या पंख्यात गुंतला होता. "दोनच मिनिटं!" हे खालून ओरडले. दोनाची वीस झाली आणि समोर दगडी भिंत. मी देवाला म्हटलं, आता तू आणि मी. पुढचं शीड उघडलं, बंदरात आले, जेटीजवळ होडीचं नाक वाऱ्याकडे वळवलं आणि शिडाचा दोर सोडून दिला. होडी आपसूक थांबली. मी दोर फेकला, जेटीवरच्या म्हाताऱ्या मच्छीमारांनी तो झेलला आणि टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात हे हात काळे करून वर आले. त्यांतल्या एका म्हाताऱ्याने यांचाच हात हातात घेतला. "कॅप्टन, बायकोला छान शिकवलंत!"

आणि हे म्हणाले, "थँक यू."

दोन दिवस मी कुळथाच्या पिठीशिवाय काही रांधलं नाही. तिसऱ्या दिवशी कंपनीचा फोन आला. सहा महिन्यांचं कंत्राट, चीफ इंजिनियर. "पोर्तुगालला पोचल्यावर कळवतो," हे म्हणाले. मी म्हणायला हवं होतं, जाऊ नका. इतक्या वर्षांत तसं म्हणायची सवयच लागली नाही. बॅग भरून द्यायची सवय तेवढी होती.

पोर्तुगालच्या पहिल्या धक्क्याला लागलो. मी वर दोर गुंडाळत होते. खाली फोन वाजला आणि यांचा आवाज ऐकू आला, सगळ्या बंदराला ऐकू जाईल असा.

"नाही हो, नाही जमणार. मी इथं इंजिनवर आहे. आमची कॅप्टन रजा देत नाही." पलीकडून काहीतरी विचारलं असावं. "मिसेस. होय, तीच चालवते. हॉलंडपासून तीच चालवते आहे."

लगेच त्यांनी स्पीकरवर हेदवीला फोन लावला आणि आईलाही तेच सांगितलं. सासूबाई पलीकडून म्हणाल्या, "म्हणून तर तिला बरोबर धाडली. तू काय हाकणार हायस ते मला ठाव नाय?"

मी दोरावरच बसून रडले. हे वर आले, म्हणाले, गाठ चुकली का?

हा आमचा तिसरा उन्हाळा. नव्वद दिवस होडीत, बाकी हेदवीत, आणि डबे दोन्हीकडे उंचीप्रमाणे लावलेले. तुम्ही विचारता, आता घर कुठलं म्हणायचं? इतकी वर्षं हे रजा घेऊन घरी यायचे. आता घराबाहेर जायला त्यांना रजा लागते, आणि ती मी देत नाही.