चालीचं नाव सांगणारा भाडेकरू

आमच्या भाडेकरू मास्तरांइतका चालण्याचा विचार केलेला माणूस अख्ख्या कर्जत तालुक्यात झाला नसेल. हायस्कूल आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, तरी त्यांना रोज उशीर व्हायचा. कारण वाटेत कुणी चालताना दिसलं की ते थांबून बघत राहायचे. इंग्रजी शिकवायचे. त्यांचं एकच दुखणं होतं : "साहेबानं पायांसाठी एवढे शब्द केले आणि आमची पोरं सगळीकडं 'वॉक' लावून मोकळी!" असं म्हणून ते ओट्यावरून उठत, धोतराचा सोगा खोचत आणि आमच्या अंगणात सुरू होत. हात पाठीमागं, नजर कौलांवर, कसली घाई नाही, ही 'स्ट्रोल'. लांब लांब ढांगा टाकत गोठ्यापर्यंत गेले की 'स्ट्राइड'. छाती पुढं आणि मान ताठ, ती 'स्ट्रट'. चिखलातून ओझं नेल्यासारखं पाय ओढत आले की 'ट्रज', आणि एक पाय वाचवत निघाले की 'लिंप'. आमची मंडळी चुलीपाशी बसून म्हणायची, "अवं, बघा की जरा, मास्तरांना काय चावलं का काय!" मी चौथीत शाळा सोडलेली, इंग्रजीवाचून माझं कधी अडलं नाही, पण रोज संध्याकाळी हा खेळ बघून ते शब्द मला न विचारता माझ्या डोक्यात येऊन बसले. मी सांगायचो, "मास्तर, आमच्या बैलाला बी इतक्या चाली हायेत, त्याला इंग्रजी लागत न्हाई." ते गंभीरपणे म्हणायचे, "बैलाला परीक्षा नसते, अण्णा."

हे अंगणातच राहिलं असतं तर ठीक. पण रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाच्या चालीला ते नाव द्यायचे, आणि दिलेलं नाव बदलायचे नाहीत. सरपंचांना त्यांनी तोंडावर 'स्ट्रट' सांगितलं. सरपंचांना ती पदवी वाटली, त्यांनी चहा पाजला. माझं नशीब तेवढं चांगलं नव्हतं. काष्टीच्या बाजारात मी बैल विकायला नेला होता आणि मास्तर सुट्टी म्हणून संगती आले होते. पुण्याकडचं गिऱ्हाईक जवळजवळ पटलं होतं. मी म्हटलं, "वाटेनं दमलाय, म्हनून जरा हळू चालतोय." तर मागून मास्तर : "हळू नव्हे, अण्णा. तो मागचा डावा पाय वाचवतोय. दोन्ही निराळं." गिऱ्हाईक उठलं ते दिसेनासं झालं. मी बैल आणि मास्तर दोघांनाही घेऊन परतलो. वाटेत बोललो फक्त बैलाशी. मास्तरांना त्याचं काहीच नाही. म्हणाले, "माहीत असून चुकीचा शब्द वापरायचा, तर मग मुलांना कशाला शिकवायचं?"

मग बहात्तरचा दुष्काळ आला. बारा एकरांचा धनी मी, पण रस्त्याच्या कामावर डोक्यावर खडीची पाटी घेऊन चाललो, आणि त्याची लाज धरली नाही. एक दिवस पायावर दगड पडला. पाऊल सुजून भोपळा झालं. चिंधी बांधून ते वहाणेत कोंबलं आणि कुणाला दाखवलं नाही. मंडळी थंडीतापानं पडलेली, घरात कामावर जाणारा मी एकटाच. हजेरीपटावरून माझं नाव गेलं असतं तर चूल विझली असती. त्यात दुसऱ्या टोळीत कुणी पाटीसकट पडला म्हणून ओव्हरशियर तपासणीला आला. एकेकाला भरली पाटी घेऊन वीस पावलं चालायला लावायचा आणि पाय अडखळला की घरी धाडायचा. माझ्या पुढचे दोघं गेले. नेमके त्या दिवशी मास्तर माझी भाकरी घेऊन आलेले. ओव्हरशियर शहरातला, इंग्रजी बोलायला माणूस मिळाला म्हणून त्यानं त्यांना शेजारी खुर्ची दिली होती.

माझी पाळी आली. दात आवळून निघालो. ओव्हरशियरची नजर पावलावरच. त्यानं मास्तरांना काहीतरी विचारलं, त्यातला एकच शब्द मला कळला : 'लिंप'. काष्टीचा बाजार डोळ्यापुढं उभा राहिला. मी मास्तरांकडं बघितलं नाही, अजिजी करणं माझ्या रक्तात नाही. त्यांच्या मांडीवरच्या भाकरीच्या फडक्याकडं बघितलं. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. मग म्हणाले, "नो सर. ही इज स्ट्रोलिंग."

ओव्हरशियर खेकसला, "असं होय! फेरफटका मारायला आलाय काय रे? पाय उचल!" सगळी टोळी हसली. आयुष्यात मला कुणी कामचुकार म्हटलं नव्हतं, ते त्या दिवशी शंभर माणसांत म्हटलं गेलं. पण हजेरीपटावर नाव राहिलं.

संध्याकाळी मी मास्तरांच्या दारात उभा. "मास्तर, मला आळशी ठरवलंत व्हय?" ते न जेवता बसले होते. हळूच म्हणाले, "दुसरा शब्द सुचला नाही, अण्णा." चालीला शब्द न सुचलेले मास्तर मी पहिल्यांदाच बघितले. पुढं आठवडाभर अंगणात चालींचा खेळ झाला नाही. मी रागानं ओट्याकडं पाठ करून गोठ्यातच बसायचो. अंथरुणातून उठून माझ्या पावलाला हळद लावताना मंडळी म्हणाली, "बैलाच्या येळी ते खोटं बोलले न्हाईत, आन तुमच्यापायी आपला नेम मोडला. आता तरी फुगून बसू नगा." मला कळत नव्हतं असं नाही. पण कळणं आणि तोंडानं बोलणं यात फार अंतर असतं.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांची बदली झाली. ट्रंक मीच डोक्यावर घेऊन एसटीपर्यंत गेलो. त्या दिवसाबद्दल काय बोलायचं ते घरून ठरवून निघालो होतो. ट्रंक टपावर चढवून दोरी दोनदा आवळली. कंडक्टरनं घंटी मारली तेव्हा तोंडून निघालं, "जपून जावा, मास्तर."

त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली. "जपून म्हणजे नेमकं कसं, अण्णा?"

मी तोंड उघडलं, तोवर गाडी हलली होती.