मुंगीताईंच्या फोनची मुदत

रक्त घ्यायला येणारी बाई दिसली की मुलं पलंगाखाली शिरतात. या बाईंना मात्र मुलांनीच लाडाचं नाव पाडलं होतं, मुंगीताई. दंडाला पट्टा बांधताना त्या म्हणायच्या, मुंगी चावेल तेवढंच दुखेल, आणि खरोखर तेवढंच दुखायचं. मग मुलांच्या आयांनी तेच नाव उचललं, लॅबमधल्या लोकांनी उचललं, आणि पगाराच्या कागदावर सोडलं तर त्यांचं खरं नाव कुठे उरलंच नाही.

बावीस वर्षं त्या एकाच लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेत होत्या. सकाळी साडेसहाला स्कूटर काढायची, पायाशी निळी पेटी, पेटीत सुया, कापूस, रंगीत झाकणांच्या नळ्या. दहाच्या आत अकरा घरं उरकून नमुने खिडकीत द्यायचे. कुणाची शीर खोल आहे, कुणाला रक्त पाहून घेरी येते, कुणाशी बोलत राहिलं की हात सैल पडतो, सगळं डोक्यात पक्कं. कागदावर एक ओळ नव्हती.

त्यांच्या हाताखाली शिकून तयार झालेली एक मुलगी होती. मुलगी कसली, दोन लेकरांची आई; पण मुंगीताईंपेक्षा पंधरा वर्षांनी लहान आणि दारातून वाकून येण्याइतकी उंच, म्हणून सगळे तिला शिडी म्हणायचे. शिडीने आयुष्यातली पहिली सुई टोचली ती मुंगीताईंच्याच दंडात. चुकली. मुंगीताई म्हणाल्या, "रडू नकोस, अजून दुसरा हात आहे." इतका त्यांचा जीव होता तिच्यावर.

मग बिनसलं कुठे? तर एका फोनवरून.

तीन वर्षांपूर्वी मुंगीताईंनी स्वतःसाठी फोन घेतला. त्यांच्या घरात नवी वस्तू आधी मुलीला, मग नवऱ्याला, आणि उरलंसुरलं बाईंना, असा शिरस्ता होता. तो त्यांनी त्या दिवशी मोडला. मोठा पडदा, मागे तीन डोळे, मोरपिशी पाठ. लॅबच्या मागच्या खोलीत चहाच्या वेळी तो हातोहात फिरला. शिडीनेही तो कौतुकाने उलटासुलटा करून पाहिला. तिचा स्वतःचा फोन भावाने वापरून दिलेला, तळहातात मावेल एवढा, एका कोपऱ्याला तडा गेलेला. मुंगीताईंना तिची कीव आली. आणि खरं सांगायचं तर ती कीव त्यांना सुखाची वाटली.

पुढे दीड-दोन वर्षांनी एक गोष्ट त्यांच्या डोळ्यांत खुपायला लागली. शिडी अधूनमधून फोन टेबलावर ठेवून म्हणायची, थांबा हं, अपडेट होतोय. फोन बंद होऊन पुन्हा सुरू झाला की कधी अक्षरं ठसठशीत झालेली असायची, कधी काही नवीन सोय आलेली असायची. तो तडा गेलेला फोन दर खेपेला न्हाऊनमाखून आल्यासारखा दिसायचा. मुंगीताईंच्या मोरपिशी फोनवर असलं काही येईना. शेवटी, फोनला तीन वर्षं होत आली तेव्हा, त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन पाहिलं. तिथे लिहिलेलं होतं, तुमचे सॉफ्टवेअर अद्ययावत आहे. वाचून त्यांना बरं वाटलं. त्याच्या खालची तारीख दीड वर्षापूर्वीची आहे, हे मुलीने दाखवलं तेव्हा ते बरं वाटणं ओसरलं.

तेवढ्यावर भागलं असतं. पण लॅबने नवं ॲप आणलं. आता प्रत्येक नळीवरची बारकोडची पट्टी घरातच फोनने स्कॅन करायची, पेशंटची माहिती तिथेच भरायची, वही बंद. अहवाल लोकांचे खाजगी असतात आणि जुन्या सॉफ्टवेअरमधून माहिती चोरणं सोपं असतं, म्हणून हे ॲप जुन्या सॉफ्टवेअरवर चालणार नाही, असं मॅनेजरने सांगितलं. सगळ्यांनी फोन काढले. शिडीच्या फोनवर ॲप सुरळीत उतरलं. मुंगीताईंच्या फोनवर एक ओळ आली, हे ॲप तुमच्या डिव्हाइससाठी उपलब्ध नाही. त्यांनी तीनदा करून पाहिलं. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, एवढा मोठा फोन आणि... वाक्य पुरं झालं नाही, पण नाकाला मिरच्या झोंबायला तेवढं पुरे होतं.

त्याच दिवशी त्या कोपऱ्यावरच्या फोन दुरुस्तीवाल्याकडे गेल्या. तो भिंग डोळ्याला लावून कुणाच्या तरी फोनचं पोट उघडून बसला होता. त्याने मोरपिशी फोन हातात घेतला आणि म्हणाला, यात बिघाड काहीच नाही.

"मग अपडेट का येत नाही?"

"मुदत संपली, ताई. प्रत्येक कंपनी ठरवते, कुठल्या मॉडेलला किती वर्षं अपडेट द्यायचे. तुमच्या मॉडेलला तीन वर्षं होती."

"मला घेऊन आत्ता कुठे तीन वर्षं होताहेत. अपडेट तर दीड वर्षापूर्वीच थांबले."

त्याने भिंग काढलं. मुदत तुम्ही घेतल्यापासून मोजत नाहीत, मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, असं त्याने समजावलं. मुंगीताईंनी फोन घेतला तेव्हा ते मॉडेल दीड वर्ष जुनं झालं होतं, म्हणून तर दुकानदाराने सवलतीत गळ्यात मारलं. त्यांनी शिडीच्या फोनचं नाव सांगितलं. त्यावर तो म्हणाला, तो साधा दिसतो खरा, पण त्याच्या कंपनीने सात वर्षांचा शब्द दिलाय. अजून दोन वर्षं त्याला काळजी नाही.

दोन वर्षं. मुंगीताई स्कूटरपाशी बराच वेळ किल्ली हातात धरून उभ्या राहिल्या. मुलगी संध्याकाळी म्हणाली, आई, नवीन घेऊन टाक, विषय संपव. पण चांगला चालता फोन, एक ओरखडा नसलेला, टाकून का द्यायचा, असं त्यांनी हट्टाने धरलं. नवऱ्याने आपला बटणांचा फोन पुढे केला आणि म्हणाला, हा घे, याला कोणी कधी अपडेट विचारलंच नाही. तो हसवायला गेला होता. त्या हसल्या नाहीत.

फोनची सोय होईपर्यंत मॅनेजरने मुंगीताईंना काउंटरवर बसवलं आणि त्यांची अकरा घरं शिडीला दिली. कुणाचा त्यात दोष नव्हता, हेच तर त्यांना सहन होत नव्हतं. सकाळी शिडी निळी पेटी उचलून निघायची आणि इकडे काचेमागे बसून मुंगीताईंच्या मनात चालायचं, आता ही तिसऱ्या मजल्यावर असेल, आता तिला आतून पाणी विचारलं असेल, आता ती माझ्या खुर्चीवर बसली असेल. शिडीची सुई आपल्यासारखी नाही, तिची बोटं घाईची आहेत, हे त्या स्वतःला दिवसातून दहादा सांगायच्या. आणि तरी लोक तिला दार उघडत होते. का, तर तिच्या खिशातला फोन चालत होता.

पहिल्याच आठवड्यात शिडी काउंटरशी येऊन उभी राहिली. यादीत एक निवृत्त चित्रकला शिक्षक होते. त्यांना रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू होती, आणि गोळीचं प्रमाण ठरवायला दर पंधरा दिवसांनी रक्त तपासावं लागायचं.

"ताई, मास्तरांकडे उद्या पहिल्यांदा जातेय. काही लक्षात ठेवण्यासारखं?"

होतं की. मास्तरांच्या कोपराची शीर दिसायला ठसठशीत, पण सुई लागली की बाजूला सरकते. तिला हात लावायचा नाही. डावा हात पाच मिनिटं खाली सोडायला सांगायचा, कोमट फडक्याने शेकायचा, आणि तळहाताच्या मागच्या बाजूला, करंगळीच्या रेषेत वर जाणारी बारीक शीर लहान मुलांच्या सुईने धरायची. सुई काढल्यावर बोट चांगलं पाच मिनिटं दाबून धरायचं. हे शोधायला मुंगीताईंना चार खेपा लागल्या होत्या.

त्यांनी समोरच्या कागदावरून नजर उचलली नाही. "काही नाही," त्या म्हणाल्या. "साधंच आहे."

तिसऱ्या दिवशी अकरा वाजता काउंटरचा फोन वाजला. मास्तरांची सून बोलत होती. काल आलेल्या बाईंनी, म्हणजे त्या उंच बाईंनी, तीन ठिकाणी टोचलं, रक्त काही मिळालं नाही. आम्हाला आपल्या मुंगीताईच पाठवा, ती म्हणाली. पलीकडे कोण बोलतंय हे तिला ठाऊक नव्हतं. मुंगीताईंच्या अंगावरून सुखाची एक लाट गेली. आज कितीतरी दिवसांनी त्या काचेमागे ताठ बसल्या.

मग सून म्हणाली की बाबांनी आता हात द्यायचाच नाही असं ठरवलंय. तपासणी नको, गोळी नको, काही नको म्हणतात. कालपासून गोळी घेतलेली नाही.

ती लाट तिथेच ओसरली. बावीस वर्षांत मुंगीताईंनी डॉक्टरांच्या तोंडून पुष्कळदा ऐकलं होतं, ही गोळी मनाने सोडली की रक्ताची गुठळी व्हायला वेळ लागत नाही. त्यांनी सुनेला सांगितलं, तासाभरात येते. मॅनेजरकडे जाऊन परवानगी घेतली. मग मागच्या खोलीत गेल्या. शिडी खुर्चीत मान खाली घालून बसली होती. मुंगीताई तिला म्हणाल्या, चल, फोन तुझा लागेल.

मास्तर खिडकीपाशी पाठ करून बसले होते. सुनेने हळूच त्यांची उजवी बाही वर केली. कोपरापासून खाली वीतभर हात वांग्याच्या रंगाचा झाला होता. मुंगीताईंनी आजवर हजारो हात पाहिले होते. हा त्यांना पाहवेना. त्या मास्तरांच्या समोर खाली जमिनीवरच बसल्या. मास्तरांनी तोंड फिरवलं, पण मुंगीताईंनी काही मागितलंच नाही. तुम्ही भिंतीवर लावलंय ते चित्र कधीचं, असं विचारलं. मास्तर हळूहळू सांगायला लागले. सून फडकं कोमट करून घेऊन आली. बोलता बोलता मास्तरांचा डावा हात खुर्चीवरून खाली सुटला.

मुंगीताईंनी लहान सुई काढली आणि त्या थांबल्या. त्यांनी मागे पाहून सुई शिडीच्या हातात दिली आणि तिचं बोट धरून त्या बारीक शिरेवर नेऊन ठेवलं.

"इथे. कोपराकडे बघूसुद्धा नकोस."

शिडीने तिथेच सुई टोचली. नळीत लाल धार आली. मास्तर चित्राबद्दलच बोलत होते. सुई निघाल्यावर त्यांनी विचारलं, झालं का? गोळीचं काय करायचं हे विचारायला सुनेने तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. अहवाल संध्याकाळी पोहोचला आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे गोळी पुन्हा सुरू झाली.

जिन्यात शिडी दोन पायऱ्या खाली जाऊन थांबली. तेव्हा कुठे दोघींचे डोळे एका उंचीवर आले.

"तुम्हाला हे माहीत होतं."

"हो."

"मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो," मुंगीताई म्हणाल्या. "तुझा फोन चालतो आणि माझा चालत नाही, म्हणून सांगितलं नाही. याच्यापेक्षा मोठं कारण माझ्याकडे नाही."

त्यानंतर दहा दिवस शिडी मुंगीताईंशी कामापुरतंच बोलली. मुंगीताईंनी ते गिळलं. काउंटरवर गर्दी नसली की त्या एकेका घराची माहिती कागदावर लिहून काढायच्या, कुणाची कुठली शीर, कुणाला आधी झोपवायचं, आणि ती पानं शिडीच्या पेटीत ठेवायच्या. पहिल्या दोन पानांवर काही उत्तर आलं नाही. तिसऱ्यानंतर शिडी काउंटरशी येऊन म्हणाली, चौथ्या मजल्यावरच्या आजींचं लिहायचं राहिलंय. अबोला तिथे सुटला.

महिन्याभराने मुंगीताई नवीन फोन घ्यायला गेल्या. दुकानातल्या तरुणाने कॅमेऱ्यापासून सुरुवात केली. त्यांनी त्याला थांबवून विचारलं, हे मॉडेल बाजारात कधी आलं, आणि कंपनी अपडेट किती वर्षं देणार? त्याला ठाऊक नव्हतं. त्यांनी त्याला कंपनीच्या पानावर शोधायला लावलं. एक, दोन, पाच फोन बाजूला सारले गेले. सहावा मिळाला तो काळा, साधा, हातात मावणारा, मुदत सात वर्षं, बाजारात येऊन दोनच महिने झालेला. मुंगीताईंनी हिशेब केला. त्या निवृत्त झाल्यावरही तो दीड वर्ष तरणाच राहणार होता.

नवीन फोनवर ॲप पहिल्या झटक्यात उतरलं. मॅनेजरने त्यांना घरं परत दिली, पण अकराची दहा. मास्तरांच्या सुनेने निरोप पाठवला होता की बाबांना आता त्या उंच बाईंची सवय झालीय, त्या चित्रकला शिकतायत त्यांच्याकडून, येताना वही आणतात. तर राहू दे त्यांनाच.

मॅनेजरने हे सहज सांगितलं आणि तो पुढच्या कामाला लागला. मुंगीताई पेटीचं झाकण लावत होत्या. त्यांनी झाकणाची कडी नीट बसली का ते दोनदा पाहिलं, आणि शिडी शेजारून जात होती तिला विचारलं,

"मास्तर तुला काय काढायला शिकवतायत?"

"हात," शिडी म्हणाली. "सगळ्यात कठीण तेच म्हणे."

"दाखव मला कधीतरी," मुंगीताई म्हणाल्या, आणि पहिल्या घराला उशीर होत होता म्हणून निघाल्या.