लंगडीत मोडलेलं मनगट

सत्तरच्या दशकात आम्ही पार्ल्यात राहायचो. माझ्या धाकट्या बहिणीला थॅलसेमिया होता. दर महिन्याला रक्त चढवावं लागे. त्या आजाराने हाडंही ठिसूळ झाली होती, म्हणून आईने तिला खेळायला बंदी घातली होती. तरी एकदा ती शाळेत गुपचूप लंगडी खेळायला उतरली. चौघींना बाद केलं आणि पाचवीला शिवताना पडली. मनगट मोडलं.

दवाखान्यात आईचं रडणं थांबेना. प्लास्टर घालता घालता डॉक्टरांनी बहिणीला विचारलं, "कशी पडलीस गं?"

"पाचवीला आउट करताना."

"मग, झाली का आउट?"

"झाली ना!"

रडता रडता आईला हसू फुटलं.

हाड जुळलं, जरा वाकडंच. पुढच्या वर्षी आईनेच बाईंना सांगून तिला लंगडीची पंच केलं. तिची शिट्टी आमच्या घरापर्यंत ऐकू यायची.