दोन थापा म्हणजे चल

माझी उंची पाच फूट तीन इंच आहे, आणि मी रोज ज्या मोटारसायकलवरून ऑफिसला जातो तिची सीट जमिनीपासून जवळजवळ तीन फुटांवर आहे. (वजाबाकी करत बसू नका. घेताना मीही केली नव्हती.)

एन्ड्युरो म्हणतात या जातीच्या गाडीला. ती डोंगरात, चिखलात, नदीच्या पात्रातल्या गोट्यांवरून चालवायची असते. टायरांना बोटाएवढाले खुंट, मडगार्ड चाकापासून वीतभर वर, आणि सीट इतकी अरुंद की तिच्यापुढे पोळपाट म्हणजे सोफा! दिंडोशीहून विक्रोळीला जाताना डोंगर-चिखल काहीच लागत नाही. एक मिठी नदी लागते, पण ती पुलाखालून मुकाट्यानं जाते. तरीही घाटकोपरच्या एका तरुणानं लग्न ठरलं म्हणून ही गाडी विकायला काढली आणि मी ती पाहायला गेलो, तेव्हा तिच्या मागे मला भिंत दिसलीच नाही, बर्फाचे डोंगर दिसले. मला स्वप्नं पडतात ती जागेपणीच. झोपेत मी नुसता घोरतो.

गाडी घरी आली तेव्हा माझी आई खाली उतरली. आम्ही मूळचे मालवणकडचे, आणि आई अजून तिकडचंच बोलते. तिनं गाडीभोवती एक पूर्ण प्रदक्षिणा घातली आणि एवढंच विचारलं, "ह्या घोड्यार बसतलो कोण?"

प्रश्न चुकीचा नव्हता. मी एकटा बसलो की कितीही तिरका झालो तरी बुटाचं टोक जमिनीपासून दोन बोटं वर राही. लोकांना आनंद झाला की स्वर्ग दोन बोटं उरतो, मला जमीन उरायची! म्हणून मी रोजचा रस्ता माझ्या पद्धतीनं पाठ केला. कुठल्या सिग्नलला डावीकडे फुटपाथची कड आहे, कुठे दुभाजकावर पाय ठेवता येतो, कुठे मेट्रोच्या कामाचे पत्रे हाताला लागतात, हे सगळं मला तोंडपाठ. जिथे टेकू नाही तिथे मी सिग्नल लांबूनच हेरून इतका सावकाश यायचो की तोच कंटाळून हिरवा व्हावा. मागचे लोक त्या वेळी माझ्याबद्दल काय बोलत ते हेल्मेटमुळे नीट ऐकू येत नसे. आणि खरं सांगायचं तर मी तिथे नसायचोच. लिंक रोडवरचा धूर माझ्यासाठी धुकं असे, खड्डे म्हणजे ओढ्यातले दगड, आणि पवईचा तलाव दिसला की मी समुद्रसपाटीपासून पंधरा हजार फुटांवर पोचलेला असे. तिथून खाली उतरून विक्रोळीच्या ऑफिसात पंच करायचं, हे फार जिवावर यायचं.

मग एके रविवारी शोध लागला. माझी बायको माधवी मागे बसली आणि गाडी अलगद खाली बसली. या गाड्यांच्या स्प्रिंगा लांब आणि मऊ असतात, मागे माणूस बसलं की दबतात. नेमक्या दोन बोटं दबल्या! माझे दोन्ही बूट जमिनीला लागले. मी भारावून माधवीला म्हणालो, "तू मागे असलीस की माझे पाय जमिनीवर येतात."

"हे गाडी यायच्या आधीपासून चालू आहे," माधवी म्हणाली.

तिचे वडील बस कंडक्टर होते. हेल्मेटमधून तिचं बोलणं मला कळेना, तेव्हा तिनं घंटीचा नियम माझ्या पाठीला लावला. एक थाप म्हणजे थांब, दोन थापा म्हणजे चल. (संसारात थापा बहुतेक मीच मारल्या, तिच्या वाट्याला या एवढ्याच आल्या.) रविवारी आम्ही आरेतून चक्कर मारून यायचो तेव्हा ही पद्धत झकास चालायची.

आता त्या दिवसाकडे येतो. माधवी गोरेगावच्या एका शाळेत एकवीस वर्षं मराठी शिकवत होती. त्याच संस्थेच्या मुलुंडच्या शाळेत मुख्याध्यापिकेची जागा निघाली. तिनं अर्ज भरला, मला दाखवला, आणि मी पेपरातून मान वर न काढता म्हणालो, "कशाला उगाच? मुलुंड लांब पडेल."

ती जाऊन अर्ज देऊन आली. त्यानंतर आठ दिवस घरात चहा वेळेवर मिळत होता, भाजीत मीठ बरोबर पडत होतं, आणि माधवी माझ्याशी हवामान खात्यासारखी बोलत होती. फक्त माहिती! भांडली असती तर बरं वाटलं असतं. मी चुकलो हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण तिच्यासमोर उभं राहून तसं म्हणायचं म्हटलं की मी गाडी पुसायला खाली जायचो. त्या आठवड्यात आमच्या सोसायटीत माझ्या गाडीइतकी स्वच्छ गाडी दुसरी नव्हती.

मुलाखत अकराला होती. ठरवलेली टॅक्सी साडेनऊला रद्द झाली, मग दुसरीही झाली. मी म्हणालो, मी सोडतो. माधवीनं गाडीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, परत गाडीकडे पाहिलं. शेवटी घड्याळ जिंकलं. निळी रेशमी साडी, अंबाड्यावर हेल्मेट, अशी ती वॉचमनच्या खुर्चीवर पाय देऊन चढली आणि दोन्ही पाय डावीकडे सोडून बसली. तिची प्रमाणपत्रांची फाइल, पर्स, फोन, सगळं माझ्या सॅकमध्ये. सॅक मी छातीवर बांधली, थापांसाठी पाठ मोकळी असावी म्हणून.

खरं तर दिंडोशी आणि मुलुंडच्या मध्ये फक्त डोंगर आहे. असल्या कामासाठीच तर ही गाडी जन्माला आलेली! पण डोंगरात जंगल आहे, जंगलात बिबटे आहेत आणि माझ्या मागे रेशमी साडी होती. मी मुकाट्यानं लिंक रोड धरला.

पवईला तलावाजवळच्या एका सिग्नलला डाव्या हाताला फुटपाथची फार सुंदर कड आहे. मी सवयीनं तिच्यावर पाय टेकवला. थंडीचे दिवस होते. तलावावर धुकं (की धूर, देव जाणे) पसरलं होतं, पलीकडचे टॉवर अर्धे दिसत होते, अर्धे नव्हते, आणि मधोमध एक बगळा अंतराळात उभा राहिल्यासारखा दिसत होता. मी त्या बगळ्याकडे बघत राहिलो आणि मनात आलं, आज बोलून टाकायचं. तोंड हेल्मेटमध्ये आहे, पाठ तिच्याकडे आहे, नजर चुकवायचा प्रश्नच नाही. अशी सोय परत मिळायची नाही.

नेमक्या त्याच वेळी मागे काय घडत होतं ते मला पुष्कळ उशिरा कळलं. या गाडीला साडीगार्ड नाही. (चिखलात साडी नेसून कोण जातं!) माधवीला आपला पदर साखळीकडे उडताना दिसला. तिनं माझ्या पाठीवर एक थाप मारली, म्हणजे थांब, आणि पदर खोचायला फुटपाथवर उतरली. तेवढ्यात सिग्नल हिरवा झाला. हा बाबा आता निघणार, या भीतीनं तिनं घाईघाईत पुन्हा एक थाप मारली. म्हणजे थांब!

एक आणि एक दोन. मी निघालो.

गाडी एकदम हलकी पळायला लागली. मला वाटलं, निर्णय घेतला की मनावरचं ओझं उतरतं म्हणतात ते हेच. आणि मी बोलायला लागलो. "माधवी, मी 'कशाला उगाच' म्हणालो ना, ते मुलुंड लांब आहे म्हणून नव्हतं. तू लांब जाशील म्हणून होतं. मला भीती वाटली गं. मी दोन नोकऱ्या सोडल्या आणि गॅलरीत मश्रूम लावले, तेव्हा तू एकदाही मला 'कशाला उगाच' म्हणाली नाहीस. त्या खुर्चीवर तूच बसायला हवीस. डबा मी करीन. भाकरी येत नाही, पण शिकेन."

मागून उत्तर आलं नाही. तिला भरून आलं असणार, या कल्पनेनं मलाच भरून आलं. हेल्मेटची काच आतून धुरकटली. गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या, मी एका हातानं मेट्रोचे पत्रे धरत धरत पुढे जात होतो आणि बोलत होतो. आमच्या लग्नाआधीच्या भेटींपर्यंत मागे गेलो. पुढे रस्ता मोकळा झाला, ओळीनं तीन सिग्नल हिरवे मिळाले. आयुष्यात असं कधी झालं नव्हतं. वीस वर्षांत माधवीनं माझं बोलणं एवढा वेळ न तोडता ऐकलंय असंही कधी झालं नव्हतं, आणि शंका यायला खरं तर तेवढं पुरेसं होतं!

भांडुपला सिग्नल लाल झाला. डावीकडे कड नव्हती, पत्रे नव्हते, काहीच नव्हतं. पण मी निर्धास्त. माधवी होती ना मागे. मी रुबाबात ब्रेक दाबला आणि रुबाबात पाय खाली सोडला.

जमीन नव्हती.

मी पडलो म्हणणं बरोबर होणार नाही. मी कलंडलो, आणि तेही इतक्या सावकाश की वाटेत विचार करायला वेळ मिळाला. पहिला विचार आला, माधवीला लागेल. म्हणून मी कलंडता कलंडता मागे वळून पाहिलं.

बाजूच्या स्कूटरवरचा माणूस उतरला. त्यानं आधी मला उभं केलं, मग गाडी उभी केली आणि मागच्या रिकाम्या सीटकडे मी का बघतोय हे त्याला समजलं. "काका, मागे कोणच नव्हतं," तो म्हणाला. "कांजूरपासून मी बाजूनंच येतोय. मला वाटलं फोनवर बोलताय." मग माझ्या बाहीवरची धूळ झटकून तो म्हणाला, "पण बोललात एक नंबर."

मी फोन काढला आणि माधवीला लावला. लगेच माझ्याच छातीत जोरजोरात धडधडायला लागलं. हार्ट अटॅक म्हणतात तो हाच, असं वाटून मी दुभाजकावर बसलो, आणि मग सॅकमधून तिच्या फोनची रिंग ऐकू आली. म्हणजे फोन माझ्याकडे, पर्स माझ्याकडे, एकवीस वर्षांची प्रमाणपत्रं माझ्याकडे, आणि माधवीकडे फक्त हेल्मेट! पावणेअकरा वाजले होते. मी उलटा पवईला गेलो. फुटपाथची कड तिथेच होती, माधवी नव्हती. शहाळीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "हेल्मेटवाली मॅडम? वो तो मच्छी के टेम्पो में गयी."

मुलुंडला पोचलो तेव्हा अकरा वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. गुडघ्यांना पॅड, छातीवर सॅक, एका बाजूनं धुळीनं माखलेला असा मी शाळेच्या ऑफिसात शिरलो, तर शिपायानं न बघताच पार्सल खिडकीवर द्यायला सांगितलं. मी त्याला ओलांडून दार ढकललं. आत टेबलामागे तिघं बसले होते. समोर माधवी, ताठ, मांडीवर हेल्मेट. खोलीत ताज्या पापलेटांचा वास भरला होता. तिघांनीही माझ्याकडे पाहिलं, आणि ते अनोळखी माणसाकडे बघतात तसं नव्हतं.

"हेच ते," माधवी त्यांना म्हणाली.

मी फाइल टेबलावर ठेवली आणि पाठ न दाखवता बाहेर आलो. शिपायानं मला एका बाकावर बसायला सांगितलं. उशिरा येणाऱ्या मुलांसाठीच तो बाक होता.

घरी ती रिक्षानं आली. मी मागून एकटा, कडेकडेनं. मग तिनं आईला सगळं सांगितलं आणि मी तो वृत्तांत दाराआडून ऐकला. भरलेल्या रिक्षा थांबेनात, पण पाट्या घेऊन मुलुंडच्या बाजाराला निघालेल्या एका कोळणीनं आपणहून टेम्पो थांबवला आणि पहिलं हे विचारलं की पडलीस की टाकलं? मुलाखतीत प्रमाणपत्रं मागितली तेव्हा माधवीनं सकाळची हकिकत सांगितली. तिघं पोट धरून हसले. मग ती त्यांना म्हणाली, शिकवलेलं काही फाइलमध्ये नसतं, काय विचारायचं ते मला विचारा. आणि त्यांनी विचारलं. निकाल मात्र फोननं कळवणार होते.

मी दिवसभर आईला, वॉचमनला, शेजारच्यांना एकच सांगत राहिलो की दोष माझा नाही, गाडीच्या उंचीचा आहे. पण संध्याकाळी माझ्यानं राहवेना. माधवी स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती, गरम पाण्याच्या टबात पाय सोडून. मी चहा ठेवला. दूध उतू जाईल या निमित्तानं नजर पातेल्यावर ठेवली, आणि तिच्याकडे पाठ करून सकाळचं सगळं पुन्हा बोललो. भीती, मश्रूम, डबा, भाकरी, काही गाळलं नाही. सकाळपेक्षा चांगलं झालं. शेवटी आवाज इतका कापरा झाला की मी गॅस बंद केला आणि वळलो.

टबात पाणी हलत होतं. खुर्ची रिकामी होती. ओल्या पावलांचे ठसे गॅलरीकडे गेले होते आणि तिथून माधवीचा "हो सर, नक्की सर" असा आवाज येत होता.

ती आत आली ती डोळे पुसतच. "झालं," म्हणाली. "मला घेतलं." आणि आठ दिवसांनी पहिल्यांदा तिनं माझा हात धरला. आम्ही दोघंही जरा वेळ रडलो. मग तिनं विचारलं, "मी फोनवर होते तेव्हा तू काहीतरी म्हणत होतास ना?"

"चहात साखर किती, एवढंच," मी म्हणालो.

सकाळचं खापर मी गाडीवर फोडलं होतं. संध्याकाळी गाडी तीन मजले खाली पार्किंगमध्ये होती!