अक्काचं तळं आणि शेजारचा हरभरा

माझी मोठी बहीण निवृत्त झाली त्याच आठवड्यात तिनं मला फोन करून सांगितलं, की तिला शेतात तळं खोदायचं आहे. मी देवळात होतो. औंढ्यात आमच्या घराकडे पूजेची पाळी असते आणि पाळी चालू असताना फोन घ्यायचा नाही हा माझा नियम आहे. पण अक्का सहसा फोन करत नाही, म्हणून घेतला.

"तळं म्हणजे शेततळं?" मी विचारलं.

"तळं म्हणजे तळं," ती म्हणाली.

शिरड शहापूरच्या शिवारात आमची थोडी जमीन आहे. वडिलांनी ती आम्हा दोघांच्या नावावर केली आणि आम्ही दोघांनी ती बटईनं दिली, कारण आमच्यात औत धरणारं कोणीच नव्हतं. अक्कानं लग्न केलं नाही. हिंगोलीत दोन खोल्या भाड्यानं घेऊन एका कार्यालयात तिनं सगळी नोकरी काढली. उन्हाळ्यात त्या गल्लीत नळ कधी येईल ते सांगता यायचं नाही, त्यामुळे तिच्याकडे गेलं की ती एक कान माझ्याकडे आणि एक नळाकडे ठेवून बोलायची. बोलता बोलता उठून जायची. परत आली की वाक्य जिथं तुटलं असेल तिथून पुढं सुरू करायची.

"कशासाठी पाहिजे? मासे सोडायचे?" मी विचारलं.

"नाही."

"ओलीत करायचं?"

"नाही."

"मग?"

"बघायला," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

मी घरी येऊन बायकोला सांगितलं. मला वाटलं ती हसेल. ती म्हणाली, "बघू द्या की. एवढ्या वर्षांत त्यांनी कधी काही मागितलंय का?" मला आठवेना. म्हणून तळं करायचं ठरलं.

जागा निवडणं सोपं होतं. शेताच्या खालच्या कोपऱ्यात पावसाळ्यात पाणी साचायचं, जमीन चिबड होती आणि तिथं काही धड येत नव्हतं. पोकलेनवाल्यानं विचारलं, चौकोन करू ना? सगळे चौकोनच करतात. अक्का म्हणाली, चौकोन नको, हौद वाटतो. तिनं फक्कीची, पांढऱ्या चुन्याच्या भुकटीची, पिशवी घेतली आणि भर उन्हात, डोक्यावर छत्री धरून, चालत चालत कडा आखून दिली. पोकलेनवाला वर बसून बघत होता.

"बाई, हे वांग्यासारखं दिसून राहिलं."

"दिसू दे."

तर आमचं तळं वांग्याच्या आकाराचं आहे. देठाच्या बाजूनं पाणी आत येतं.

बांधाला बांध लागून ज्यांचं शेत आहे ते शेजारी तांड्यावरचे. वयानं अक्काच्या बरोबरीचे. म्हशींशी ते गोरमाटीत, त्यांच्या बंजारा बोलीत, बोलतात, आमच्याशी मराठीत आणि व्यापाऱ्याशी फोनवर हिंदीत. मला ते महाराज म्हणतात, अक्काला बाई. खोदकाम चाललं होतं तेव्हा ते रोज येऊन बांधावर उकिडवे बसायचे, तंबाखू मळायचे आणि जायचे. एकदाच त्यांनी मला विचारलं, "महाराज, हे काहून करून राहिले तुमी?" मी म्हटलं, अक्काला बघायला. त्यांनी खोदलेल्या खड्ड्याकडे बघितलं, मग अक्काकडे बघितलं, आणि पुढं काही विचारलं नाही.

पहिल्या वर्षी श्रावणात तळं भरलं आणि दिवाळीपर्यंत कोरडं पडलं. खाली मुरूम लागला होता, पाणी त्यातून निघून गेलं. सगळ्यांनी सांगितलं, प्लास्टिकचा कागद अंथरा. अक्का म्हणाली, प्लास्टिकवर कोण येऊन बसणार आहे? त्या दिवसांत ती रात्रंदिवस मोबाइलवर लोकांनी तळी कशी केली ते बघत होती. कुठल्या तरी देशात एका शेतकऱ्यानं तळाशी चिकणमाती पसरून, ओली करून तिच्यावर गुरं फिरवली होती. ते बघून अक्का दुसऱ्या दिवशी हिंगोलीहून एसटीनं आली आणि थेट शेजाऱ्यांच्या गोठ्यात गेली. मी मागं होतो.

"भाऊ, तुमच्या म्हशी पाहिजेत."

"विकायच्या न्हाईत, बाई."

"विकत नकोत. चालवायला पाहिजेत, तळ्यात."

"तळ्यात पाणी कुठंय?"

"म्हणूनच."

शेजाऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काही मदत करू शकलो नाही. शेवटी त्यांची बायको आतून गोरमाटीत काहीतरी म्हणाली आणि ते उठले. काय म्हणाली ते त्यांनी सांगितलं नाही.

आम्ही वरची काळी माती ट्रॅक्टरनं तळाशी ओढली, टँकरनं भिजवली आणि शेजाऱ्यांनी म्हशी आत घातल्या. म्हशींना ते फार आवडलं. काम संपलं तरी त्या बाहेर यायला तयार नव्हत्या. दुसऱ्या दिवशी तर न बोलावता आल्या. तो चिखल त्यांनी असा तुडवला, की वाळल्यावर त्याच्यावर पाय आपटला तर टाचेला लागायचं. पुढच्या पावसाळ्यात तळं भरलं ते भरलेलंच राहिलं. संक्रांतीला पाणी होतं, होळीला पाणी होतं.

अक्कानं हिंगोलीची जागा सोडली. बांधाच्या वर पत्र्याची एक खोली बांधली, नायलॉनच्या पट्ट्यांची एक खुर्ची आणली आणि ती बघायला बसली.

आधी बगळे आले. टिटव्या तर खोदत होतो तेव्हापासूनच आमच्यावर ओरडत होत्या. मग टिबुकल्या आल्या, पाण्यात बुडी मारून भलतीकडेच वर येणाऱ्या. हिवाळ्यात चोचीवर लाल-पिवळं असलेली बदकं उतरली. अक्कानं पुस्तक आणलं होतं, त्यात बघून ती म्हणाली, हळदीकुंकू बदक. माझी बायको तेव्हा सोबत होती. तिनं नकळत पदर सारखा केला. मी सुट्टीच्या दिवशी मोटारसायकलवर जायचो आणि दुसरी खुर्ची नसल्यामुळे दगडावर बसायचो. बोललं की अक्का बोट वर करायची. औंढ्यात मी दिवसभर मंत्र म्हणतो, भाविकांशी बोलतो. इथं मला गप्प बसायला लागायचं, आणि काही वेळानं मला त्याचं बरं वाटायला लागलं.

रोही, म्हणजे नीलगाई, पहिल्यांदा आले ते एका पहाटे. अक्का आणि मी चहा पीत होतो. समोरच्या काठावर धुकं होतं आणि धुक्यात एक घोडा उभा आहे असं मला वाटलं. मग मागून अजून आले. निळसर करडा मोठा नर, भोवती तपकिरी माद्या आणि पिल्लं. माद्या वाकून पाणी प्यायल्या, नर मान वर करून आमच्याकडे बघत उभा राहिला. अक्कानं कप खाली ठेवला. तिचा चहा गार झाला, आणि तिनं तो तसाच टाकून दिला. अक्का काही टाकून देते हे मी जन्मात पहिल्यांदा बघितलं.

चार-पाच दिवसांनी शेजारी आले. हातात हरभऱ्याची खुडलेली झाडं होती. त्यांनी ती माझ्यासमोर ठेवली, अक्काकडे बघितलंही नाही.

"महाराज, बाईचे पाव्हणे जेवून गेले."

"कोण?"

"रोही. पाणी तुमच्याकडं पितेत अन् जेवायला माझ्याकडं येतेत. आधी ते तिकडं माळावरून जायचे, इकडं यायचे न्हाईत. आता रोजचं झालं."

"फटाके वाजवून बघा," मी म्हटलं.

"वाजवले. दोन दिवस गेले, तिसऱ्या दिवशी फटाक्याला उभे राहून बघून राहिले." मग ते पहिल्यांदाच अक्काकडे वळले. "बाई, तुमचं बघणं व्हतंय, पर आमची तकलीफ व्हतीय. लेकरांचं खाणं हाये हे."

त्यांचं बराबर होतं. संध्याकाळी तिनं ट्रंक उघडली आणि नोकरीत नेसायच्या सगळ्या साड्या बाहेर काढल्या. आमच्याकडे हरभऱ्याभोवती जुन्या साड्या बांधतात, वाऱ्यानं हलल्या की जनावर बिचकतं. शेजाऱ्यांकडे तेवढ्या साड्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी अक्का, शेजारीण आणि मी असं मिळून शेताच्या कडेनं खुंट्या ठोकून त्या बांधल्या. फिकट जांभळी, फिकट निळी, फिकट पिवळी. तिचं सगळं ऑफिस शेताभोवती उभं राहिल्यासारखं दिसत होतं.

रोह्यांनी उड्या मारून साड्या ओलांडल्या आणि हरभरा खाल्ला.

त्यानंतर शेजाऱ्यांनी येणं बंद केलं. बांधावर समोरासमोर आलो तर मान हलवायचे, पण उकिडवे बसायचे नाहीत. शेजारीण दुधाचा तांब्या आणून द्यायची, तोही दारातूनच. अक्का खुर्चीत बसायची, पण पूर्वीसारखं नाही. रोही आले की ती पाण्याकडे बघायच्या ऐवजी शेजारच्या शेताकडे बघायची. एकदा मला म्हणाली, "बुजवून टाकू का रे?" मी म्हटलं, बघू उन्हाळ्यानंतर.

त्या उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं. भोवती सगळीकडे चिखलाचा पट्टा राहिला, वरून सुकलेला आणि आतून खीर. वैशाखातल्या एका सकाळी मी पोचलो तेव्हा अक्का खुर्चीत नव्हती. तळ्यातून आवाज आला, "इकडे ये. पळू नकोस, पाय रुतेल."

रोहीचं एक पिल्लू पाणी प्यायला उतरलं होतं आणि पोटापर्यंत चिखलात रुतलं होतं. त्याची आई वर काठावर पुढं-मागं करत होती. पिल्लाला काढायला अक्का आत गेली होती आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर स्वतः कमरेपर्यंत रुतली होती. दोघं एकमेकांकडे बघत होती. छत्री उघडीच होती. तिनं ती पिल्लावर धरली होती.

मी एक पाऊल आत टाकलं आणि माझी चप्पल गेली. ती अजून आतच आहे. मग मी शेजाऱ्यांच्या नावानं हाका मारल्या. मला वाटलं ते येणार नाहीत. पण ते दोर, दोन फळ्या आणि म्हशीची साखळी घेऊन पळत आले, मागं त्यांची बायको. काठावर थांबून त्यांनी सगळं नीट बघितलं.

"आधी कोनाला काढू?" त्यांनी विचारलं. "बाई का ते?"

"आधी ते," अक्का म्हणाली. "ते घाबरलंय."

"तुमी न्हाई का?"

"मी नंतर घाबरते. काढा आधी."

शेजाऱ्यांनी फळ्या टाकल्या, त्यांच्यावर पालथं पडून पिल्लाच्या पोटाखालून दोर घातला. पिल्लानं त्यांना दोनदा लाथ मारली. मी आणि शेजारीण ओढत होतो आणि ते चिखलातून हातानं पाय मोकळे करत होते. सगळा वेळ ते बोलत होते, गोरमाटीत, म्हशींशी बोलायचे तसं. पिल्लू एकदम सुटलं, काठावर पडलं, उठलं आणि आईमागं निघून गेलं. मागं बघितलंही नाही.

"हेच," शेजारी धापा टाकत म्हणाले, "हेच कार्तिकात येऊन माझा हरभरा खाईल."

मग आम्ही अक्काला काढलं. ती पिल्लापेक्षा जड निघाली. शेजारणीनं तिला बांधावर बसवून बादलीनं धुतलं. अक्काच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. चिखल गेला असेल म्हणून मी विचारलं नाही. शेजारणीनंही विचारलं नाही, ती तिच्या पाठीवर नुसतं पाणी ओतत राहिली.

त्या संध्याकाळी शेजारी परत बांधावर उकिडवे बसले. तंबाखू मळून झाल्यावर अक्का म्हणाली, "भाऊ, हळद लावा. हळदीला रोही तोंड लावत नाही म्हणतात."

"ते मला बी ठावं हाये, बाई. कुरुंद्याकडं सगळी हळदच हाये. हळदीला पाणी कुठून आनू?"

अक्का तळ्याकडे बघत बसली. मला माहीत होतं तिला काय द्यायला लागणार आहे.

"त्या काठावरच्या बाभळीच्या मुळापर्यंत पाणी घ्या," ती म्हणाली. "त्याच्या खाली नाही. खालचं त्यांचं."

शेजाऱ्यांनी हळद लावली आणि ठिबक टाकलं. मोटार चालू असताना बदकं पलीकडच्या काठाला जायची, बंद झाली की परत यायची. पाणी बाभळीच्या मुळाशी आलं, की कोणी न सांगता शेजारी मोटार बंद करायचे. हळद चांगली आली. रोह्यांनी तिला खरंच तोंड लावलं नाही. ते यायचे, पाणी प्यायचे आणि लगेच माळाकडे निघून जायचे, कारण इथं थांबण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

ही गोष्ट अक्काला पटली नाही. पुढच्या हंगामात तिनं आमच्या बटईदाराला बाजूला घेतलं आणि तळ्याला लागून हरभऱ्याचा एक पट्टा पेरायला सांगितला. भोवती साड्या बांधू का, असं त्यानं विचारलं, तर म्हणाली, कशाला? यंदा संक्रांतीला बायकोला सुगडात घालायला घाटे पाहिजे होते. स्वतःच्या शेतात हरभरा असून मी ते औंढ्याच्या बाजारातून आणले.

परवा सकाळी गेलो तेव्हा शेजारी बांधावरच होते. समोर पट्ट्यात रोही चरत होते, त्यात एक तरुण नर होता, नुकता निळा पडायला लागलेला.

"खाऊन राहिले, बाई," शेजारी हळू आवाजात म्हणाले.

"खाऊ दे."

"त्या कडंचं ऱ्हायलं."

"बघतील ते," अक्का म्हणाली आणि तिनं बोट वर केलं. शेजारी गप्प झाले.